आमच्या घरच्या टाचा

माझ्या माहेरच्या माणसांच्या टाचा जाड. म्हणजे तळवा नव्हे. टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी शीर असते, ती. इतरांची बोटाएवढी असते, आमची अंगठ्यापेक्षा जाड, आणि हात फिरवला तर गाठी लागणारी. शाळेचे बूट आम्हा भावंडांना मागून कायम चावायचे. वडील म्हणायचे, "चावू देत. ही आपल्या घराण्याची खूण हाय. अशी शीर असलेला माणूस चिखलात रुतत न्हाय." आम्हाला त्याचा अभिमान होता. पाहुणे आले की दादा आणि मी पाटावर उभं राहून टाचा दाखवायचो. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. गडमुडशिंगीच्या आमच्या गोठ्यात ते धार काढून उठले, चरवी नीट बाजूला ठेवली आणि खाली बसले ते बसलेच. वय त्रेचाळीस. गावानं कारण ठरवून टाकलं, की उन्हात फार राबला. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यानं कॉलेज सोडलं, म्हशी सांभाळल्या आणि मला शिकवलं. बी.एस्सी., बी.एड., मग कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञानाची शिक्षिका. गावात कुणी म्हणालं, पोरीला एवढं शिकवून काय करणार, तर दादा म्हणायचा, "ती शिकली की मी शिकलो. तुमास्नी काय करायचं हाय?" पुढं माझं लग्न झालं, मुलगा झाला. दादाचं झालं, त्याला आधी मुलगी आणि बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. दर रविवारी मी माझ्या मुलाला घेऊन मुडशिंगीला. माझा मुलगा आणि दादाची मुलगी जवळजवळ एकाच गोठ्यात वाढले म्हणा ना.

मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा. आमच्याकडे ही पोरं चालायला लागायच्या आधीच त्यांचं लग्न लागलेलं असतं. ती रांगत याच्याकडे गेली तरी बायका हसणार, यानं तिच्या हातातली भाकरी ओढली तरी "बायकोची भाकरी खातोय बघा" म्हणणार. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही, आणि मी तर वर्गात आनुवंशिकता शिकवत होते.

दादा शेहेचाळीसाव्या वर्षी गेला. सकाळी डेअरीत दूध घालायला रांगेत उभा होता. पुढच्या माणसाला म्हणाला, "कॅन धर जरा, हात जड झालाय," आणि तिथंच कोसळला. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं दादाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातले पिवळे डाग बघितले, चादर वर करून टाचा बघितल्या, आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "यांचे वडील कितव्या वर्षी गेले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. लहान मुलांचंसुद्धा. हे रक्तातून येतं." मी मान हलवली. त्या वेळी कुणी मला घर पेटलंय म्हणून सांगितलं असतं तरी मी मानच हलवली असती.

तेराव्याला अंगणात सगळा गोतावळा बसला होता. वहिनी भिंतीला टेकून, अकरा वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर, आणि सतरा वर्षांची मुलगी सगळ्यांना पाणी देत फिरत होती. चेहरा दादाचा, चालणंसुद्धा दादाचं. दूरच्या एका चुलत्यानं उसासा टाकून म्हटलं, "बाप न्हाय. आता पोरीचं कसं व्हायचं?" मला असा राग आला की मी उठून उभी राहिले. "कसं व्हायचं म्हंजे? ही पोर माझी हाय. माझी सून हाय ती. शिकून झाली की मी घेऊन जाणार." वहिनी ओरडून रडली. बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी. मला कसं वाटलं सांगू? बरं वाटलं. दादाला काहीतरी परत दिल्यासारखं वाटलं, आणि त्या भरात डॉक्टरचं बोलणं पार मागं पडलं.

पार मागं पडलं असं लिहिलं खरं, पण ते खोटं आहे.

दोनेक महिन्यांनी मी एकटीच राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. कोलेस्टेरॉल इतकं निघालं की तिथल्या मुलीनं मला उपाशी आला होता ना म्हणून दोनदा विचारलं. कागद घेऊन एका वयस्क डॉक्टरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे तेलातुपाचं नाही. जन्मापासूनचं आहे. टाचेवरच्या गाठी म्हणजे साचलेलं कोलेस्टेरॉलच. तुमच्या वडिलांकडून तुम्हाला आलं, भावाला आलं. तुमच्या मुलाला यायची शक्यता निम्मी, भावाच्या मुलांनाही तेवढीच. आत्ता तपासलंत तर एका गोळीवर माणूस म्हातारा होतो." मी गोळ्या घेतल्या. घरी सांगितलं, व्हिटॅमिनच्या आहेत. कागद कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला.

मुलांना का तपासलं नाही? याचं उत्तर मी इतक्या वेळा स्वतःला दिलंय की आता ते पाठ झालंय. मी भर अंगणात शब्द दिला होता. मुलीचं रक्त तपासलं आणि त्यात निघालं, तर गावात कळणार. आमच्या गावात काय झाकून राहतं? बाप गेलेली पोर, वर रक्तात खोट. माझ्या मुलाशी नाही झालं तर तिला दुसरीकडे कोण करून घेणार? आणि तपासून माझ्याच मुलात निघालं, तर वहिनी काय म्हणेल? त्यापेक्षा दोघं माझ्या डोळ्यांसमोर राहतील, मी तूप कमी घालीन, मटण महिन्यातून एकदा करीन, तिशी ओलांडली की हळूच गोळी चालू करीन. शिकलेल्या बाईला स्वतःला फसवायला जास्त चांगली कारणं सुचतात.

त्यांच्या लग्नाच्या वर्षीची गोष्ट. दहावीच्या वर्गात मी वाटाण्याच्या झाडांचा धडा घेत होते. फळ्यावर चौकोन, त्याची चार घरं. आईकडून एक अक्षर, बापाकडून एक अक्षर. दोन्हीकडून दुबळंच अक्षर आलं तर चारात एका झाडाचं काय होतं, ते रंगीत खडूनं काढून दाखवत होते. मागच्या बाकावरून एक दांडगट पोरगा उठला. "बाई, मग मामाच्या पोरीशी लगीन केलं तर?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, "तू आधी पास हो, मग मामा पोरगी देतो का बघू." आणखी हसले. मीही हसले, फळा पुसला आणि घरी जाऊन पत्रिकेचा मजकूर बघितला.

लग्न आनंदात झालं. ती घरात आली तरी मला आत्तीच म्हणायची, पहिल्यासारखी अगं-तुगं करून. दोन वर्षांत नात झाली. नातीचा जन्म झाला तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या टाचा बघितल्या. मऊ, गुलाबी, सगळ्या बाळांच्या असतात तशा. देवापुढं साखर ठेवली.

ती चार वर्षांची झाली आणि गुडघ्यांवर पिवळसर पुटकुळ्या दिसायला लागल्या. मग कोपरावर, मग बोटांच्या बेचक्यात. सगळ्यांना वाटलं, चामखीळ आहेत. शेजारणीनं चुना लावायला सांगितला, वहिनीनं कसला तरी पाला आणून दिला. मला शालूच्या घडीतला कागद आठवत होता, पण मीही चुना लावत बसले. नात खदाखदा हसायची, "आज्जी, गुदगुल्या व्हत्यात की!" शेवटी सुनेनंच तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक पुटकुळी काढून तपासायला पाठवली आणि रक्त घ्यायला सांगितलं. लॅबवाल्यांचा फोन आला की मशीन चुकलंय बहुतेक, पुन्हा रक्त द्या. दुसऱ्यांदाही तेच. माझ्या त्या वेळच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि वय साडेचार.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं जनुकांच्या डॉक्टर एक बाई होत्या, बोलायला मवाळ. त्यांनी कोरा कागद घेतला आणि आमचं घराणं मांडायला सुरुवात केली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. वडिलांवर रेघ. दादावर रेघ. मग माझा मुलगा, माझी सून. "नात्यातलं लग्न?" मुलगा म्हणाला, "हो, मामाची मुलगी." नवरा-बायकोत एक रेघ असते, त्यांनी तिथं शेजारी दुसरी ओढली. मग पेन खाली ठेवून त्या समजावून सांगू लागल्या. न्हाणीत पाणी जायला दोन भोकं आहेत असं समजा. एक बुजलं तर पाणी हळूहळू साचतं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी उंबऱ्यावर येतं. दोन्ही बुजली तर लहानपणीच न्हाणी भरते. यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यायची जी सोय असते, तिच्या जनुकात आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक बिघाड आहे. वडिलांकडून एक बिघडलेली प्रत मला आली आणि माझ्यातून मुलाला. तशीच एक दादाला आली आणि त्याच्यातून सुनेला. नातीच्या वाट्याला दोन्हीकडून बिघडलेलीच आली.

नात खुर्चीवर पाय हलवत ऐकत होती. तिनं विचारलं, "मला कुणाचं आलंय? आईचं का पप्पांचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोघांचं, बाळा." तिचा चेहरा खुलला. "म्हंजे मी दोघांचीबी!" आणि आईकडे बघून मान उडवली. सुनेनं तिला छातीशी धरलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. कागद तेव्हाच बाहेर काढायला हवा होता. काढला नाही.

पुढची साडेपाच वर्षं मी फार लिहू शकत नाही. मुलगा आणि सून दोघांचंही रक्त तपासलं, दोघांनाही गोळ्या चालू झाल्या. सुनेच्या भावाचं मात्र वहिनीनं तपासू दिलं नाही, पुढं त्याला पोरगी कोण देणार म्हणून. नातीला गोळ्या, इंजेक्शनं, आणि दर पंधरवड्याला पुणे. तिथं मशीनवर रक्त बाहेर काढून, त्यातली चरबी वेगळी करून परत अंगात सोडायचे. दोन्ही हातांत सुया, तीन-चार तास हलायचं नाही. ती म्हणायची, "आज्जी, माझं नाक खाजव." मी खाजवायची. गृहपाठाची उत्तरं ती तोंडी सांगायची, मी वहीत लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्या बाई म्हणायच्या की अक्षर फार सुधारलंय. यावर आम्ही दोघी खूप हसायचो. हळदींना, बारशांना ती पंगतीत बसायची आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाटीवर हात आडवा धरून मोठ्या बाईसारखी म्हणायची, "नको, मला चालत न्हाय." लोक विचारायचे, एवढ्याशा पोरीला पथ्य कसलं? गावानं मात्र कारण ठरवून टाकलं होतं, की आईनं गरोदरपणी फार खाल्लं. सून ऐकून घ्यायची. मी बोलत नव्हते. आयुष्यभर वर्गात ओरडणारी बाई मी, तिथं माझा आवाज फुटत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, खरा उपाय यकृत बदलणं. जे द्यायला धावले त्यांचं चालेना. माझ्या मुलाचं, सुनेचं, माझं, आमची सगळ्यांची यकृतं त्याच बिघाडाची. वहिनी तयार झाली, तिचा रक्तगट जुळला नाही. माझ्या यजमानांचं वय आणि साखर आड आली. नाव यादीत घातलं आणि थांबलो. मधल्या काळात तिच्या हृदयाची झडप अरुंद होत गेली. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, मी मुंग्या बघतेय.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळा नुकती सुरू झालेली. सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. एक झाली, दुसरीचे पेड धरले होते. ती म्हणाली, "आज्जी, थांब जरा." मी म्हटलं, "हालू नकोस, रिक्षा येईल." रागावूनच म्हटलं. ती मागं माझ्या मांडीवर टेकली. मला वाटलं, लाडात आलीय. दहा वर्षांची होती.

तिचं तेरावं झालं त्या दिवशी मी कुणालाही काही बोलले नाही. तीन महिने गेले. घरात आम्ही एकमेकांना जेवायला वाढत होतो, एवढंच चालू होतं. एके दुपारी सून तांदूळ निवडत बसली होती. मी कपाट उघडलं, शालूच्या घडीतून कागद काढला आणि तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचला. तारीख बघितली.

"आत्ती, हे पप्पा गेल्यावरचं हाय."

"व्हय."

"आमच्या लग्नाच्या आधीचं."

"व्हय."

मला वाटलं ती ताट भिरकावेल. मला तसं हवं होतं. तिनं कागदाची घडी केली आणि म्हणाली, "मी लग्न केलं असतं का न्हाई, मला सांगता येणार न्हाई. कदाचित केलं असतं. पोटात असतानाच तपासलं असतं. पण ते मी ठरवायचं होतं आत्ती. मला इचारायचं होतंस." मी रडायला लागले. ती उठली नाही, रडलीही नाही. खडे वेगळे करत म्हणाली, "माझ्या भावाचं लग्न ठरायलंय. राधानगरीकडची पोरगी हाय. त्याचं रक्त उद्या तपासायचं. आणि तिथं जाऊन सांगायचं तू. आई न्हाई, मी न्हाई. तू."

भाचा आता सत्तावीस वर्षांचा. त्याच्या रक्तातही निघालं. गोळी चालू केली, आणि त्या रविवारी मी त्याला घेऊन राधानगरीकडे गेले. घर भाताच्या खाचरांना लागून, अंगणात दोन जर्सी गाई. मुलीचे वडील मोकळा माणूस. "या पावणं, या की." मुलगी चहा घेऊन आली आणि आईशेजारी बसली. जमीन किती, नोकरी काय, सगळं विचारून झालं. मग त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "बाकी घराण्यात काय आजार-बिजार, तसलं काय न्हाय न्हवं?"

भाचा खाली बघत होता. मी म्हटलं, "हाय."

आणि सांगितलं. वडील त्रेचाळीसला गेले, भाऊ शेहेचाळीसला. मला आहे, या मुलाला आहे, तो गोळी घेतो. तुमची मुलगी आमच्या नात्यातली नाही, तरी तिचंही रक्त एकदा तपासा. ते बरं निघालं तर होणाऱ्या मुलांना फार तर एकच प्रत जाईल, आणि लवकर तपासलं तर एका गोळीवर माणूस म्हातारा होतो. मग माझ्या नातीचं सांगितलं. का गेली तेही सांगितलं, आणि मला आधीपासून माहीत होतं हेही. मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलगी मात्र सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिनं भाच्याला विचारलं, "गोळी रोज घ्यायची का?" तो म्हणाला, "रोज." तिनं मान हलवली. वडील म्हणाले, "विचार करून कळवतो पावणं." कळवतील किंवा नाही कळवणार, तो त्यांचा प्रश्न.

निघायला उठताना मी चहाचा कप उचलला. तो अजून कोमट होता. सगळं सांगून झालं होतं आणि चहासुद्धा गार झाला नव्हता. एवढंच बोलायचं होतं. एवढंसं बोलायला मी सोळा वर्षं लावली आणि त्यात माझी नात गेली.